ऑस्टर्लिट्झ टेबलावर मांडताना: प्रात्झनचं पठार कुणी का सोडावं?

तोफची

नमस्कार मंडळी,

आमच्या पुण्यातल्या गटाने यंदाच्या डिसेंबरात ऑस्टर्लिट्झची लढाई टेबलावर, छोट्या रंगवलेल्या सैनिकांचा युद्धखेळ म्हणून, मांडायचं ठरवलं आहे. सहा बाय चार फुटांचं टेबल, ६ मिलिमीटर उंचीचे सैनिक (फिगर), दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू आणि एक अंपायर. रंगकाम बरंचसं उरकलंय, टेबलावरचा भूभाग तयार होतोय. घोडं अडलंय ते एका मूळ प्रश्नावर, म्हणून हा धागा.

लढाई ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २ डिसेंबर १८०५, आजच्या झेक प्रजासत्ताकात, ब्रनो शहराच्या पूर्वेला. एका बाजूला नेपोलियन, सत्तर हजारांच्या आसपास फौज घेऊन. समोर रशियाचा झार अलेक्झांडर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस यांची संयुक्त फौज (म्हणजे "दोस्त"), साधारण ८५ हजार, त्यात रशियनच जास्त. मैदानाच्या मधोमध प्रात्झनचं पठार. ते नेपोलियनच्या हातात होतं, त्याने ते मुद्दाम सोडलं. उजवी बगल विरळ ठेवली. वर तहाची बोलणीही लावली. दोस्तांची खात्री पटली की हा आता पळायच्या बेतात आहे. ऑस्ट्रियाच्या वायरोटरने योजना मांडली: पठारावरून खाली उतरायचं, गोल्डबाख ओढा ओलांडायचा, फ्रेंचांची उजवी बगल मोडून व्हिएन्नाचा रस्ता तोडायचा. निम्मी फौज दक्षिणेला उतरली. पठार मोकळं होत आलं तसं, नऊच्या सुमारास, फ्रेंच मार्शल सूल्तच्या दोन डिव्हिजन (सेनापती सँ-तिलेर आणि वांदाम) धुक्यातून वर चढल्या आणि दोस्तांची फळी मधोमध फाटली.

हे सगळं टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पाठ आहे. दोस्तांचा सेनापती झालेला खेळाडू पहिल्याच टर्नला म्हणणार, "मी पठारावरच ठाण मांडतो." मग उरतं काय? गणवेश तेवढे १८०५ चे, लढाई भलतीच.

"नियमच आहे, खाली उतरा" अशी सक्ती मला नको. सक्तीने हरायला कुणी आपला रविवार देत नाही. आदल्या रात्री दोन सम्राटांच्या छावणीत ती योजना बहुतेकांना पटली होती. टेबलावर बसलेल्यालाही ती मनापासून पटावी, असं काय करता येईल?

शंकेखोर

सरळ उपाय: खेळ नऊ वाजताच सुरू करा. पलटणी खाली उतरलेल्या, पठारावर रशियन सेनापती कुतुझोव आणि दोस्तांचा चौथा कॉलम (एकत्र चालणारा पलटणींचा जथा) तेवढा. बाकी इतिहास झालेला आहे, तो परत कशाला खेळायचा?

तोफची

@शंकेखोर, या पर्यायाचा विचार आम्ही केला होता. पण त्यात दोस्तांच्या खेळाडूच्या हाती निर्णयच उरत नाही. दुसऱ्याने रचलेलं संकट निस्तरत बसायचं. आणि फ्रेंच खेळाडूचं तरी काय? नेपोलियनचं खरं कसब "आत्ता चढायचं की अजून थांबायचं" या निर्णयात होतं. त्याने सूल्तला विचारलं होतं म्हणतात, की वर पोचायला किती वेळ लागेल. वीस मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं. तरी त्याने अजून पाव तास थांबवून ठेवलं, खालचे कॉलम आणखी दूर जावेत म्हणून. नऊला सुरुवात केली तर तो पाव तास आपण खेळाडूकडून काढून घेतो.

मुठाकाठ

वाचतोय. विषय फार आवडीचा.

माझ्या मते दोष योजनेत नाही, टेबलात आहे. टेबलावर सगळ्यांना सगळं दिसतं. प्रशियात धाकट्या रायस्विट्झने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी जो युद्धखेळ बसवला त्याचा पायाच हा होता की दोन्ही बाजूंनी एकमेकांचं काही बघायचं नाही. प्रत्येकाकडे नकाशा, हुकूम लेखी, आणि मधला अंपायर ठरवणार कुणाला काय दिसलं. दोनशे वर्षं होऊन गेली तरी त्याला तोड नाही. तुमच्याकडे अंपायर आहेच. पहिले तीन-चार टर्न नकाशावर खेळा, फिगर पेटीतच राहू द्या. धुकं फिटेल तसतशी दिसणारी तुकडी टेबलावर ठेवत जा.

दुसरी युक्ती याहून धीट आहे. कुठली लढाई आहे हे सांगूच नका. नकाशा आरशात बघितल्यासारखा उलटा करा, गावांची नावं बदला, फौजांना दुसरे गणवेश द्या. आमच्या इथे एकाने असं केलं होतं. खेळ संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि दोस्तांचा खेळाडू वायरोटरपेक्षाही उत्साहाने टेकडी उतरला!

रंगारी

नकाशा उलटा करायचा, गणवेश बदलायचे, मग मी जे एवढे रशियन हिरवे नि ऑस्ट्रियन पांढरे रंगवतोय त्यांचं काय? ही युक्ती मला मान्य नाही. ज्या माणसांनी ती लढाई केली त्यांच्या वेषातली माणसं टेबलावर उभी असणं हा या छंदाचा अर्धा जीव आहे.

त्यावरून एक सूचना. १८०५ ची फौज करताना १८१२-१५ च्या फिगर घेऊ नका. बाजारात त्याच जास्त मिळतात. फ्रेंच लाइन (नेहमीच्या) पायदळाला शाको, म्हणजे उंच नळकांड्यासारखी टोपी, १८०६ मध्ये मंजूर झाली, ऑस्टर्लिट्झला बहुतेकांच्या डोक्यावर दुटोकी टोपी होती. शाको होता तो हलक्या पायदळाकडे. ऑस्ट्रियनांच्या डोक्यावर अजून तुऱ्याचं चामडी हेल्मेट. ६ मिलिमीटरमध्ये चेहरा दिसत नाही पण टोपीचा आकार दोन हातांवरूनही कळतो, सगळी ओळख त्यावरच असते. हंगेरियन पलटणींना कोट पांढराच, पण विजार घट्ट, निळी.

रंगाबद्दल: फ्रेंच निळा बाटलीतला जसाच्या तसा मारला तर एवढ्या लहान फिगरवर काळा दिसतो. दोन छटा उजळ घ्या. मी काळ्याऐवजी करड्या प्रायमरवर काम करतो. आधी कोट, मग छातीवरचे पांढरे पट्टे एका फटक्यात, शेवटी पातळ तपकिरी वॉश. संगीन रंगवायच्या फंदात पडू नका, रांगेवरून चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला की पुरे.

शंकेखोर

टोप्या छान आहेत, पण मूळ मुद्दा राहिला. आणि एक विचारतो, एवढी मोठी लढाई सहा फुटांत बसते कशी?

तोफची

बसते, पण हिशेब आधी करावा लागतो. उत्तरेच्या सांतोन टेकडीपासून दक्षिणेच्या तेलनित्स गावापर्यंत साधारण दहा किलोमीटर. टेबल १८० सेंटिमीटर. १ सेंटिमीटर म्हणजे ६५ मीटर धरले की दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. (ऑस्टर्लिट्झ गाव मात्र टेबलाच्या कडेला किंवा बाहेरच राहतं, त्याला इलाज नाही.)

आता सहाशे माणसांची बटालियन तीन रांगांत उभी केली की रुंदी सुमारे १२० मीटर, टेबलावर जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणून आम्ही सहा सेंटिमीटरचा एक बेस (फिगर चिकटवायची पट्टी) म्हणजे तीन बटालियनची ब्रिगेड असं धरलंय. बंदुकीचा उपयुक्त पल्ला शंभर मीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. बेसची खोलीच त्याहून जास्त आहे! तेव्हा बंदुकांसाठी वेगळा नियमच नाही, बेसला बेस भिडला की गोळीबार, संगीन सगळं त्या एका फाशात आलं. तोफांना पल्ला ठेवलाय, बारा पौंडी तोफेला १४ सेंटिमीटर.

एक टर्न अर्ध्या तासाचा. पायदळ रानातून अर्ध्या तासात दीडेक किलोमीटर चालतं, म्हणजे २३ सेंटिमीटर. ओढ्याकाठच्या पुंटोवित्समधून पठाराचा माथा यापेक्षा थोडा लांब आहे. एका टर्नला उतारावर, दुसऱ्याच्या सुरुवातीला माथ्यावर. सूल्तच्या वीस मिनिटांपेक्षा हे जास्त आहे, पण अर्ध्या तासाच्या टर्नमध्ये याहून जवळ जाता येत नाही.

ब्रनोकर

मी ब्रनोमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर न लिहून कसं चालेल! प्रात्झनवर अनेकदा गेले आहे. माथ्यावर मोहिला मीरू नावाचं स्मारक आहे, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी १९१०-१२ मध्ये बांधलेलं. दरवर्षी २ डिसेंबरच्या आसपासच्या शनिवार-रविवारी त्वारोझ्ना गावाजवळ सांतोनच्या पायथ्याशी हौशी लोक गणवेश चढवून लढाईचा प्रयोग करतात, कडाक्याच्या थंडीत. बघण्यासारखा असतो.

तुमच्या भूभागासाठी एक महत्त्वाचं: "टेकडी" म्हटल्यावर चतुःशृंगी डोळ्यासमोर आणू नका. ही नांगरटीची लांबच लांब चढण आहे. चालताना दम लागत नाही. पण मधेमधे जमिनीला असे घोळ आहेत की तुम्ही उतारावर उभे असाल तर दोन शेतं पलीकडचा ट्रॅक्टरही दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी ओढ्याच्या खोलगटात धुकं साचतं आणि पठाराचा माथा वर उन्हात असतो, हे मी स्वतः बघितलंय. म्हणजे खालचे फ्रेंच वरून दिसत नव्हते यात नवल काही नाही. पण उलट बाजूही लक्षात घ्या: खालून नेपोलियनलाही पठारावर नेमकं किती उरलंय हे नीट दिसत नसणार.

थर्माकोलचे जाड थर एकावर एक ठेवून पायऱ्या केल्या तर सगळंच चुकेल. पातळ थर, रुंद अंतर, कडा तासून घ्या.

आणि पळणारे दोस्त ज्यांचा बर्फ फुटून बुडाले म्हणतात, त्या दक्षिणेच्या तळ्यांमध्ये आता पाणी नाही, शेती आहे. नेपोलियनच्या बुलेटिनमध्ये तिथे वीस हजार बुडाले असं छापलं होतं. पुढे तळी उपसली तेव्हा माणसांची प्रेतं मोजकीच निघाली. घोडे आणि तोफा बऱ्याच. तेव्हा "बर्फ फुटला, पलटण गेली" असा नियम ठेवणार असाल तर कृपया ठेवू नका.

तोफची

@ब्रनोकर ताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे लॉटरी आहे. बर्फाचा नियम आजच काढला. पठाराचे थरही बदलतो.

"खालून नेपोलियनलाही दिसत नसणार" या तुमच्या वाक्याने कोडं अर्धं सुटलं. आजवर मी दोस्तांच्याच खेळाडूला अंधारात ठेवायचा विचार करत होतो. अंधार दोघांनाही सारखा हवा.

मुठाकाठ

उरलेलं अर्धं मी सांगतो. दोस्त पठारावर नुसते बसून का राहिले नाहीत? कुतुझोवचं मत थांबावं, मागे सरकावं, कुमक येऊ द्यावी असंच होतं. पण दोस्त जिथे जमले होते त्या ओल्म्युत्झ शहराच्या आसपासचा दाणागोटा संपत आला होता. ऐंशी हजार माणसं आणि त्यांची जनावरं एका जागी पोसणं शक्य नव्हतं. त्यात झार तरुण, दरबारी उतावीळ. आणि फ्रेंच अजून विखुरलेले आहेत, ते एकत्र व्हायच्या आत गाठलं पाहिजे, हा तर्क काही वेडेपणाचा नव्हता. फ्रेंच मार्शल बेर्नादोत नुकताच येऊन मिळाला होता. मार्शल दावूची फ्रियाँ डिव्हिजन व्हिएन्नाकडून सुमारे ११० किलोमीटर दोन दिवसांत तुडवून आली, ती जेमतेम वेळेवर.

हे सगळं टेबलावर नसेल तर बसून राहणं फुकटात पडतं. बसण्याची किंमत लावा. अंधार पडेपर्यंत गोल्डबाखच्या पलीकडे पाय रोवला नाही तर दोस्त हरले, पठार हातात असलं तरी. आणि दावूची वेळ पक्की ठेवू नका, फासा टाका. तो कधीही येईल, किंवा येणारच नाही. मग "तो यायच्या आत घुसू" ही कल्पना दोस्तांच्या खेळाडूच्या डोक्यात आपोआप येईल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

शंकेखोर

हे पटलं. आता मीही खेळायला येतो, जागा असेल तर. मात्र मला दोस्तांकडून खेळायचंय.

तोफची

@शंकेखोर, जागा तुमचीच.

सगळ्यांच्या सूचना एकत्र करून हुकुमांचा नियम असा ठरवलाय:

आदल्या रात्री दोस्तांच्या सेनापतीने प्रत्येक कॉलमला एक लेखी हुकूम द्यायचा, एका चिठ्ठीत मावेल एवढा. सकाळी सातपासून कॉलम त्या चिठ्ठीप्रमाणे चालणार. हुकूम बदलायचा तर स्वार धाडायचा. पठारापासून तेलनित्सपर्यंत स्वाराला एक टर्न, चिठ्ठी वाचून कॉलम वळायला आणखी एक. फ्रेंचांना वळायचा टर्न माफ, कारण त्यांच्या कोअर (एकेका मार्शलच्या हाताखालच्या फौजा) आपापल्या पायावर उभ्या होत्या आणि मार्शलांना स्वतःची अक्कल वापरायची मुभा होती. दोस्तांचे हुकूम तर जर्मनमध्ये लिहिलेले, त्यांचं रशियन करून प्रती पोचेपर्यंत उजाडलं होतं.

एक अपवाद ठेवला आहे. दोस्तांच्या लांजराँच्या कॉलमची शेपटाकडची ब्रिगेड, कामेन्स्कीची. मागे गोळीबार ऐकू येताच ती वरून हुकूम यायची वाट न बघता पठाराकडे वळली आणि सँ-तिलेरची डिव्हिजन तिने चांगलीच अडचणीत आणली. म्हणून प्रत्येक कॉलमच्या शेवटच्या ब्रिगेडला फासा टाकून स्वतः वळता येईल, पाच किंवा सहा पडले तर.

दोस्तांच्या लिख्टेनश्टाइनचं घोडदळ रात्री चुकीच्या जागी मुक्कामाला होतं आणि सकाळी ते उतरणाऱ्या कॉलमच्या आडवं गेलं, तासभर खोळंबा झाला. दोस्तांच्या खेळाडूला हे आधी सांगणार नाही. (@शंकेखोर, आता तुम्ही वाचलंत. म्हणून अंपायर फासा टाकून ठरवेल की कुठला कॉलम अडला आणि किती वेळ.)

पठारावर बेसऐवजी कोरी कार्डं. काही खरी, काही पोकळ. फ्रेंच तुकडी भिडली की उलटायची. नेपोलियन झालेल्या खेळाडूने अंदाज बांधावा, त्या सकाळी नेपोलियनने बांधला तसा.

रंगारी

कार्डं पठारावर, ठीक. पण उत्तरेला फ्रेंच मार्शल लान आणि म्युरा विरुद्ध रशियन सेनापती बाग्रातिओन हे पहिल्यापासून उघड्यावर, फिगरसकट असू द्या. तिकडे धुक्याचा एवढा प्रश्न नव्हता, आणि म्युराचं घोडदळ मी जीव ओतून रंगवलंय.

तोफची

मान्य. उत्तर उघडी.

तोफची

खेळ झाला. वृत्तांत देतो.

शंकेखोर दोस्तांचे सेनापती. आदल्या रात्री त्यांनी बराच वेळ नकाशावर घालवला आणि पहिल्या दोन कॉलमला गोल्डबाखकाठच्या तेलनित्स-सोकोलनित्स गावांकडे धाडलं, वायरोटरसारखंच. तिसरा मात्र पठाराच्या दक्षिण उतारावर राखीव ठेवला. कुणी त्यांना खाली ढकललं नाही, हे मला नोंदवून ठेवायचंय. दावू येण्याआधी फ्रेंचांच्या उजव्या बगलेवरची लग्राँची एकटी डिव्हिजन चिरडायची आणि राखीव कॉलमने पठार धरायचं, असा त्यांचा हिशेब होता.

तेलनित्स दुसऱ्याच टर्नला पडलं. दावूचा फासा वाईट पडत राहिला. लग्राँच्या ब्रिगेडींची अवस्था बघवत नव्हती. दक्षिणेचा फ्रेंच खेळाडू दर टर्नला नेपोलियनकडे कुमक मागत होता, आणि नेपोलियन झालेले मुठाकाठ पठारावरच्या कोऱ्या कार्डांकडे बघत गप्प. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं: आत्ता चढलो तर वर किती असतील, नाही चढलो तर उजवी बगल उरेल का?

दहाला ते चढले. पहिलं कार्ड पोकळ, दुसरंही पोकळ. तिसऱ्याखाली कोलोव्रातचे ऑस्ट्रियन निघाले, चौथ्याखाली मिलोरादोविचचे रशियन. माथ्यावर लढाई जुंपली. शंकेखोरांनी तिसऱ्या कॉलमला स्वार पाठवला. स्वाराची खूण एक टर्न उतारावर उभी राहिली, मग एक टर्न कॉलम वळत राहिला. तो वळून वर येईस्तोवर वांदाम माथ्यावर होता. पण सँ-तिलेरची बाजू कॉलमने धडाधड मोडली, त्याच्या तीन बेसपैकी एकच उभा राहिला. रशियन गार्ड उतरली, फ्रेंच गार्डचं घोडदळ भिडलं, आणि दोन वाजेपर्यंत माथा कुणाचाच नव्हता.

दावू साडेअकराला आला. त्याने सोकोलनित्स परत घेतलं, तेलनित्स नाही. अंधार पडला तेव्हा पठाराचा उत्तर भाग फ्रेंचांकडे, दोस्तांचा एक पाय गोल्डबाखपार, आणि दोन्ही फौजा रक्तबंबाळ. आमच्या नियमांप्रमाणे फ्रेंचांचा निसटता विजय. खऱ्या लढाईत दोस्तांचे पंचवीस हजारांवर गेले, त्यांत बारा हजारांच्या आसपास कैदी, आणि फ्रेंचांचे नऊ हजार. तसा निकाल आमच्याकडे लागला नाही. लागायलाच हवा असा माझा आग्रहही नव्हता. दोन्ही सेनापतींना त्या सकाळचा प्रश्न पडला, तोच आणि तेवढ्याच अंधारात पडला, हे मला हवं होतं.

शंकेखोर

मी सांगतो. मला पूर्ण इतिहास माहीत होता आणि तरीही मी दोन कॉलम खाली उतरवले, कारण दाणागोटा आणि दावू यांच्या कात्रीत तेच बरोबर वाटत होतं. स्वार उतारावर अडकला होता तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. वायरोटरला मूर्ख म्हणणं आता माझ्याकडून व्हायचं नाही.

भोकरदनकर

धागा सुरुवातीपासून वाचला, वाचनखूण साठवली. एक विनंती. पुढची लढाई असईची घ्या. २३ सप्टेंबर १८०३, आमच्या भोकरदनकडची. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि समोर शिंदे-भोसल्यांची फौज. तुमचाच प्रश्न तिथेही आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधे शिंद्यांची कवायती पायदळं, शंभराच्या आसपास तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे नदी ओलांडायला उतार (उथळ जागा) नाही. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं बघितली आणि ताडलं की इथे उतार असणारच. तिथूनच त्याने नदी ओलांडली. आज ज्याला हे माहीत आहे तो मराठ्यांकडून खेळला तर पहिल्या टर्नला त्या उतारावर तोफा आणून ठेवेल, खेळ खलास.

तोफची

@भोकरदनकर, असई घ्यायचीच. आणि तिथे तर आणखी मजा आहे. वेलस्ली बगलेवर येतोय हे दिसताच शिंद्यांच्या पायदळाचा हॅनोव्हेरियन सेनापती पोलमन याने अख्खी फळी काटकोनात फिरवली. वेलस्लीची अपेक्षा नव्हती की हे पायदळ एवढी अवघड कवायत एवढ्या सफाईने करील. म्हणजे अंधार इथेही दुहेरी आहे: मराठ्यांना उतार माहीत नाही, इंग्रजांना समोरच्या पायदळाचा दर्जा माहीत नाही. उतार नेमका कुठे, हे अंपायरने फासा टाकून तीन-चार जागांतून ठरवावं. आणि मराठा ब्रिगेडचा दर्जा पहिल्या भिडंतीपर्यंत झाकलेला.

रंगारी

मग मला आत्ताच सांगा, १५ मिलिमीटर की ६? ७४ वी हायलँडर पलटण गावाकडे भरकटली आणि तोफांखाली कापली गेली, तो प्रसंग मला मोठ्या फिगरमध्ये करायचा आहे.

तोफची

असई लहान लढाई आहे, १५ चालेल. आठ फूट टेबल लागेल, मी बघतो.

@भोकरदनकर, तुम्ही तिथलेच, तर एक काम कराल का? नद्यांचे काठ किती उंच आणि किती उभे आहेत, तोफेचा गाडा कुठे उतरू शकेल आणि कुठे नाही, एवढं बघून कळवा. पात्राची रुंदी पावलांनी मोजली तरी चालेल. पिंपळगाव-वरूडच्या वरच्या आणि खालच्या अंगाला बैलगाडीच्या जुन्या वाटा असतील तर त्याही. मला फाशासाठी खोट्या उताराच्या जागा खऱ्या वाटतील अशाच निवडायच्या आहेत.

भोकरदनकर

पाऊस उघडू द्या, मग केळनेच्या काठाने जातो. सप्टेंबर अखेरचं पाणी कुठवर चढतं तेही गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहितो, लढाई त्याच दिवसांतली आहे.